उठताना निऱ्या सावराव्यात

माझे काका हंबीरराव चौतीस वर्षं पगार घेऊन लंगडले.

जयनगरात एक पुनर्वसन केंद्र आहे, तिथे ते अटेंडर. अपघातात सापडलेली, पक्षाघात झालेली, स्नायूंच्या आजाराची माणसं तिथे पुन्हा चालायला शिकतात. काकांचं मूळ काम साधं होतं. पेशंटच्या कमरेला पट्टा बांधून मागून धरायचं, फरशीवर काळा कागद अंथरायचा, पेशंटच्या तळव्यांना पावडर लावायची आणि कागदावर उमटलेल्या पावलांमधलं अंतर पट्टीने मोजून डॉक्टरांना सांगायचं. पण त्या केंद्रात फिजिओथेरपी शिकणारी मुलंही येत, आणि पेशंट मंडळींना आपली वाकडी चाल तीस-चाळीस पोरांपुढे दाखवायची हौस नसे. एकदा एक बाई नाहीच म्हणाली, रडायला लागली. काका तेव्हा पंचविशीचे असतील. पुढे होऊन म्हणाले, “सर, मी दाखवू का? या बाई कशा चालतात ते मला पाठ आहे.” आणि चालले. सर बघतच राहिले म्हणे.

तेव्हापासून काका म्हणजे केंद्राचं चालतं पुस्तक. नडगीचा स्नायू गेलेला माणूस कसा गुडघा उंच उचलतो आणि पाऊल फरशीवर चापटीसारखं आपटतो, ते काका दाखवत. पक्षाघाताचा पाय बाहेरून अर्धगोल फिरवत कसा पुढे येतो, मांडीचा पुढचा स्नायू दुबळा असेल तर माणूस प्रत्येक पावलाला हाताने मांडी कशी दाबतो, पोटरी गेली की टाच कशी जमिनीला चिकटून राहते, सगळं. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक त्यांना चालायला सांगत आणि मुलांना विचारत, कुठला स्नायू गेलाय? आदल्या दिवशी पोरं काकांना कॉफी पाजून विचारायची, “अण्णा, उद्या काय चालणार? स्वल्प हिंट द्या ना.” काका कॉफी प्यायचे आणि काही सांगायचे नाहीत. एखाद्या पोराने चाल चुकीची करून दाखवली की मात्र त्यांना राहवत नसे. जागेवरून ओरडायचे, “तसं नाही ते!” आणि उठून बरोबर करून दाखवायचे.

हे सगळं मी कौतुकाने लिहिते आहे असं वाटेल. पूर्वी कौतुकच होतं. आता तो माणूस माझ्या मनातून साफ उतरला आहे, आणि का उतरला ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

आमचं घराणं शहाजीराजांबरोबर इकडे कन्नड मुलखात आलं असं आमच्यातला प्रत्येक जण छातीठोक सांगतो. पुरावा कुणाकडे नाही. आमची मराठी पुण्याच्या माणसाला अर्धी कळते, आणि उरलेल्या अर्ध्यात कन्नड असते. आमच्यात लग्नं आपापसातच होत आली. माझे आई-वडीलसुद्धा आते-मामे भावंडं. वडील, रघुजी, मी दहा वर्षांची असताना हार्ट अटॅकने गेले. घरात मी, माझी आई सोयराबाई आणि धाकटे काका. काकांनी लग्न केलं नाही. “शिवानी आहे ना मला,” म्हणायचे. माझी फी, माझे आजार, माझ्या शाळेतल्या पालकसभा, सगळं त्यांनी केलं. हे मी नाकारत नाही, आणि नाकारता येत नाही म्हणूनच जास्त जळफळाट होतो.

रविवारी संध्याकाळी ते मला जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात बाजारात घेऊन जात. आम्ही कट्ट्यावर बसायचो, हातात मसाला लावलेली काकडी, आणि समोरून गर्दी जात असे. आमचा खेळ ठरलेला होता. काका भुवईने एखादा माणूस दाखवायचे आणि मी ओळखायचं.

“तो निळा शर्ट?”

“उजवा गुडघा दुखतोय. त्या पायावर कमी वेळ उभा राहतो.”

“शाब्बास. आणि त्या अक्का?”

“अक्कांची कंबर डावीकडे पडतेय.”

“का पडतेय?”

“उजव्या कमरेच्या बाजूचा स्नायू दुबळा. उजव्या पायावर उभं राहिलं की त्याने कंबर तोलून धरायची असते. तो धरत नाही, म्हणून दुसरी बाजू खाली जाते.”

बारा वर्षांची मी हे पाढ्यासारखं म्हणून दाखवायचे. एकदा मी विचारलं, “काका, माझी चाल कशी आहे?” काकडी खाता खाता ते थांबले. मग म्हणाले, “तुझी? राणीसारखी.” मी खूश झाले. आपली चाल आपल्याला दिसत नाही, दुसऱ्यानेच सांगावी लागते. आणि मला सांगणारा माणूस तर या कामातला सगळ्यात मोठा जाणकार होता.

तेरावं लागलं तेव्हा काका मला केंद्रात घेऊन गेले आणि माझं रक्त काढवलं. “रक्त कमी आहे का बघू,” म्हणाले. परत येताना बदाम दूध पाजलं. काही दिवसांनी म्हणाले, “सगळं सरी आहे, ठीक आहे. जरा नाजूक आहेस, एवढंच.” त्या वाढदिवसाला त्यांनी मला चपला दिल्या. केंद्रात पेशंटचे बूट करणारा कारागीर होता, त्याच्याकडून खास करून घेतलेल्या, टाचेला आतून दीड इंच उंची दिलेल्या. पुढे दरवर्षी दिवाळीला नवा जोड येत गेला. मैत्रिणी म्हणायच्या, किती लाड करतात तुझे काका!

आणि मग सुरू झालं वळण लावणं. जमिनीवर बसू नकोस, खुर्चीवर बस. जिन्यावर सगळ्यांच्या मागे राहा, घाई करू नकोस, कठड्याला हात असू दे. पाऊल छोटं टाक, मुलीच्या जातीला लांब ढांगा शोभत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उठताना निऱ्या सावराव्यात. साडी नसेल तर स्कर्टच्या घड्या, नाहीतर कुर्त्याचा घेर. दोन्ही हात मांड्यांवर ठेवायचे, कापड सारखं केल्यासारखं करत हळूच दाब द्यायचा आणि उठायचं. “घरंदाज बाई अशीच उठते,” काका म्हणायचे. आईला कौतुक वाटायचं की दीर बायकांच्या रीतीभातीसुद्धा शिकवतो. मी तासन् तास आरशासमोर सराव केला. पुढे माझ्या उठण्याबसण्याची नात्यात तारीफ होऊ लागली.

कॉलेज त्यांनीच निवडलं. ते चांगलं म्हणून नव्हे, तिथले वर्ग तळमजल्यावर होते म्हणून. हे मला आता कळतंय. तेव्हा मी म्हणत असे, काकांना सगळं कळतं.

चोविसाव्या वर्षी मला बघायला येऊ लागले. आमच्यात मुलीला अजूनही चालायला लावतात. तोंडाने कुणी म्हणत नाही, पण आतून पाणी आण, देवघरातली वात सारखी कर, असं काहीतरी काढतात आणि सगळ्या आत्या-मावश्या डोळ्यांनी मोजतात. शेवटी मोठ्यांना वाकून नमस्कार. नेमकं हेच काकांना नको होतं, कारण खाली वाकून जमिनीवरून उठताना निऱ्यांची युक्ती पुरत नाही. तिथे हातांनी स्वतःच्याच अंगावर चढत उठावं लागतं, गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात. म्हणून जे. पी. नगरचे लोक आले तेव्हा काकांनी पाहुण्यांपुढे हात जोडून सांगितलं, “आमच्या घराण्यात एक जुनी रीत आहे. लग्न ठरेपर्यंत मुलगी कुणापुढे वाकत नाही. शहाजीराजांच्या काळापासून चालत आलंय.”

अशी कसलीही रीत नव्हती. आई गोंधळून त्यांच्याकडे बघत होती. पण पाहुण्यांवर त्याचा असा काही परिणाम झाला की विचारू नका. माझ्या होणाऱ्या सासूबाई भारावून म्हणाल्या, “अय्यो, किती मोठं घराणं!” नंतर त्यांनी ती रीत स्वतःच्या भाचीच्या बघण्याच्या वेळीही पाळली. आता आमच्या समाजात आणखी दोन-तीन घरांत ती सुरू आहे, असं ऐकते.

त्या वेळी तीन स्थळं होती. काकांनी हेच धरून ठेवलं. पत्रिका जुळते म्हणाले. बाकी दोन घरं पहिल्या मजल्यावर होती, हे घर तळमजल्यावर. लग्नात नवरानवरी पाटाऐवजी खुर्च्यांवर बसली, कारण काका म्हणाले, फोटो चांगले येतात.

माझा नवरा गिरीराज एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबचं काम बघतो. शांत माणूस, कमी बोलणारा. पहिली दोन वर्षं छान गेली. मग मी हळू पडत गेले. वरच्या फळीवरचा डबा काढताना हात थकायचे. गादीवरून उठायला वेळ लागायचा. सासूबाई आधी चेष्टेने आणि मग चेष्टा सोडून मला आळशी म्हणू लागल्या. मलाही ते पटलं. आपण आळशी आहोत, आपलं वजन वाढलंय, आपल्यात दम नाही. मी जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर खांद्यावर वजन ठेवून उठाबशा काढायला लावायचा आणि मी दात खाऊन काढायचे. दुसऱ्या दिवशी पाय उचलत नसत. तो म्हणायचा, दुखतंय म्हणजे फायदा होतोय. काकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “जिम सोड, चालायला जा.” कारण विचारलं तर म्हणाले, “बायकांना ते बरं नव्हे.” मला राग आला आणि मी आणखी वजन उचलू लागले. एक वर्ष.

गेल्या जुलैत व्हाइटफील्डला आमच्या ऑफिसात आगीच्या वेळी बाहेर कसं पडायचं याचा सराव झाला. लिफ्ट बंद, सातव्या मजल्यावरून सगळ्यांनी जिन्याने खाली. तिथे सगळ्यांच्या मागे राहता येत नाही, कारण मागे शिट्टी वाजवणारा माणूस असतो. पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये माझा गुडघा अचानक दुमडला, कात्रीसारखा, आणि मी आठ पायऱ्या खाली गेले. मनगट मोडलं. पण मनगट पाहणाऱ्या डॉक्टरांनी मला उठताना पाहिलं आणि स्नायूंच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टर रक्षिता माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी मला कॉरिडॉरमधून दोनदा चालवलं. चपला काढायला सांगून पुन्हा चालवलं. चपला हातात घेऊन आतली टाच दाबून पाहिली आणि विचारलं, “हे कुणी करून दिलं? हे माहितगाराचं काम आहे.” मी अभिमानाने काकांचं नाव सांगितलं. मग त्यांनी खुर्चीवर बसवलं.

“उठा.”

मी उठले.

“बसा. आता कपड्यांना हात न लावता उठा.”

मी हात छातीवर धरले आणि उठायला गेले. काहीच झालं नाही. पुन्हा प्रयत्न केला. अंग थोडं पुढे झुकलं आणि परत खुर्चीत पडलं. एकोणतीस वर्षांची बाई मी, साध्या खुर्चीतून उठू शकत नव्हते. सोळा वर्षं मी उठत नव्हते, स्वतःच्या हातांनी स्वतःला वर ढकलत होते, आणि हे मला त्या मिनिटाला कळलं.

पुढचं सगळं तपासण्यांनी नक्की झालं. कमरेभोवतीचे आणि मांड्यांचे स्नायू झिजवणारा जन्मजात आजार. रक्ताच्या नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. बरा करणारं औषध नाही, पण सांभाळता येतो, व्यायाम कुठला करायचा आणि कुठला मुळीच नाही हे ठरवता येतं. जिममध्ये उचललेल्या वजनांबद्दल मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “तुम्हाला कुणीतरी लपवायला फार छान शिकवलंय. तुमच्या घरच्यांना माहीत असणार.”

गिरीराज माझ्या शेजारीच बसला होता.

तो घरी आल्यावर म्हणाला, “तू पाच वर्षं माझ्यासमोर निऱ्या सावरत उठतेस. आणि तुला माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

“डॉक्टर म्हणाल्या, शिकवलेलं आहे. जे शिकवलंय ते शिकणाऱ्याला माहीत नसतं?”

खरं एवढं विचित्र होतं की माझी मलाच खोटं बोलतेय असं वाटायला लागलं. सासूबाईंनी तर सरळ म्हटलं, “ठरवून आमच्या गळ्यात मारली.” नमस्काराची रीत आठवल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच दया आली. त्या रात्रीपासून गिरीराज हॉलमध्ये झोपू लागला. आजाराला तो घाबरला नव्हता. तपासण्यांच्या तारखा तोच घेत होता, गाडी तोच चालवत होता. फक्त त्याचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता, आणि तो परत मिळवायला मला एकच साक्षीदार होता.

मी केंद्रात गेले. काका काळा कागद गुंडाळत होते. मला बघून, माझ्या पायांकडे बघून, त्यांना सगळं कळलं.

“कळलं का?” एवढंच म्हणाले.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तू बारा वर्षांची होतीस. शाळेतून येताना टाच टेकत नव्हती. रक्ताच्या तपासात नक्की झालं. इथे तेव्हा मोठे डॉक्टर होते, त्यांनी सांगितलं. मी वहिनीला म्हटलं, पाय नाजूक आहेत. बाकी कुणाला नाही सांगितलं.”

“मला?”

काका बाकावर बसले. म्हणाले, त्यांनी इथे अशीच एक मुलगी पाहिली होती. तिच्या घरच्यांना खरं सांगितलं, तर त्यांनी तिची शाळा सोडवली, तिला आतल्या खोलीत ठेवलं, लग्नाचं नाव काढलं नाही. “औषध नव्हतं, शिवानी. सांगून काय मिळालं असतं? मी म्हटलं, हिला कॉलेज मिळू दे, नोकरी मिळू दे, संसार मिळू दे. हे सगळं मिळालं ना तुला?”

“मला आळशी म्हणतात, काका. मीसुद्धा स्वतःला आळशी म्हणत होते. मी वर्षभर वजन उचलून स्वतःचे पाय फाडून घेतले. तुम्ही फोनवर म्हणालात, बायकांना ते बरं नव्हे!”

ते रडले. मी नाही रडले, मला फक्त चीड आली होती. मी त्यांना सांगितलं, रविवारी जे. पी. नगरला या आणि गिरीराजला एवढंच सांगा, मला माहीत होतं, तिला नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं.

रविवारी सकाळी ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सासूबाईंनी रीत म्हणून उपीट आणि कॉफी दिली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गिरीराज समोर बसला. मी दाराशी खुर्चीवर.

“काका,” गिरीराज म्हणाला, “शिवानी म्हणते, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.”

काकांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. “जावईबापू, देवाशपथ सांगतो, आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं. ना मला, ना वहिनीला, ना पोरीला. आजार आत्ताच उपटलाय. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही.”

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग कळलं. त्यांचा हिशेब सरळ होता. कुणालाच माहीत नसेल तर फसवणूक झाली नाही, आणि फसवणूक झाली नाही तर मला कुणी घराबाहेर काढणार नाही. मला वाचवायला ते पुन्हा खोटं बोलले होते, आणि त्या खोट्याने मला खोटारडी ठरवून टाकलं होतं.

“मग ही तर काही वेगळंच सांगत होती,” सासूबाई म्हणाल्या. गिरीराजने माझ्याकडे पाहिलं. तो रागावलासुद्धा नव्हता. थकला होता. आता हा माणूस मला पुन्हा कधीच काही विचारणार नाही, असं मला स्पष्ट दिसलं.

ओरडून काही होणार नव्हतं. माझ्या शब्दाला त्या खोलीत किंमत नव्हती, आणि काकांच्या शब्दाला होती. मी मांड्यांवर हात ठेवून, निऱ्यांचं नाटक न करता, उघड उघड ढकलत उठले.

“तेरा वर्षांची असताना मी कशी चालायचे, ते दाखवते,” मी म्हणाले आणि चालायला लागले. मुद्दाम वाईट चालले. दोन्ही बाजूंना बदकासारखी झुलत, गुडघे उचलत, पाय आपटत, सगळ्या आजारांचा काला करत. सोफ्यापासून दारापर्यंत गेले आणि वळले. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी पुन्हा तशीच आले, आणखी जोरात पाय आपटत.

“तसं नाही ते!” काका ओरडले. “पाय नव्हता आपटत. नडगी चांगली होती तुझी. टाच उचललेली होती, आणि कंबर उजवीकडे जास्त पडायची, उजवीकडे!”

मग आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं. मी परत दाराशी खुर्चीत जाऊन बसले.

गिरीराज सावकाश म्हणाला, “दाखवा.”

काका बसूनच राहिले असते तरी चाललं असतं, आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पण ते उठले. हॉलच्या त्या टोकाला गेले आणि तिथून एक तेरा वर्षांची मुलगी चालत आली. टाचा अधांतरी, पोट थोडं पुढे, पाठ मागे, दर पावलाला कंबर एका बाजूला पडतेय आणि खांदे तिला सावरायला दुसरीकडे जातायत, आणि तरी चेहरा असा की तिला याचा पत्ताच नाही. मी मला पहिल्यांदा बघत होते. मला ती पोर फार आवडली. तिच्याशी कुणीतरी खरं बोलायला हवं होतं.

काका वळले आणि पुन्हा चालले. आता पाऊल लहान, हात कुर्त्याच्या घेरावर, मान ताठ. घरंदाज. “हे मी शिकवलं,” ते म्हणाले. “तिला वाटायचं, ही रीत आहे. तिला काही माहीत नव्हतं, जावईबापू. नमस्काराची रीतसुद्धा माझीच.” सासूबाई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेल्या. तिसऱ्यांदा ते चालले तेव्हा ती आजची मी होते. त्यात लपवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

गिरीराज उठून माझ्याजवळ आला आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. कित्येक आठवड्यांनी तो माझ्या इतक्या जवळ आला होता. त्याला पटलं होतं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

“आणि पुढे?” त्याने विचारलं.

काका हॉलच्या मधोमध उभे होते. ते दोन पावलं मागे सरले, खुर्ची ओढून तिच्यात बसले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. उठले नाहीत.

मला वाटलं होतं, निदान हे तरी त्यांना माहीत नसेल. सोळा वर्षं चपला करून देताना, बदाम दूध पाजताना, शाब्बास म्हणताना, त्यांना ही खुर्चीसुद्धा दिसत होती.

“किती वर्षांनी?” गिरीराजने विचारलं.

काकांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं. त्यांच्याकडे आकडा होता, आणि तो जवळजवळ बरोबरही असणार होता.

“नको,” मी म्हणाले. “तुम्ही सांगू नका. मी डॉक्टरांना विचारीन. तुम्ही घरी जा, काका.”

मी आणखी काही म्हणेन, अशी त्यांना आशा असावी. मग खुर्चीतून उठले, कशालाही हात न लावता, एका दमात, आणि दाराकडे गेले. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चाली बघत आले, पण काकांची स्वतःची चाल मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दाराबाहेरच्या तीन पायऱ्या कठडा न धरता उतरला आणि फाटकाबाहेर गेला. एकही स्नायू कमी नव्हता त्यांचा.